बाबांच्या हातचा ट्रेलर

ट्रेलर घ्यायची कल्पना माझ्या नवऱ्याची. मला विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, म्हणूनच त्याने विचारलं नाही. २००४ चा उन्हाळा होता. टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ घर विकून मुलाकडे राहायला चालले होते. त्यांच्या अंगणात साठीच्या दशकातला एक ट्रेलर वर्षानुवर्षं पडून होता. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटं घरच ते. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आत समोरासमोर दोन बाकं, एवढंसं सिंक आणि गॅसची तीन बर्नरची शेगडी. ओढून नेत असाल तर घेऊन जा, असं ते म्हणाले आणि हा खरंच ओढून घेऊन आला. मी दार उघडून आत पाऊल टाकलं तर पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. प्लायवूड कुजून त्याचा पार भुगा झाला होता. त्या दिवशी मी नवऱ्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. त्यात धंदाही तसलाच. मी सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांनी मर मर मरून केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी येता आलं असतं तर बऱ्याच गोष्टी टळल्या असत्या.

जूनमध्ये आई-बाबा नागपुराहून सहा महिन्यांसाठी आले. दोन वर्षांपूर्वीही आले होते, तेव्हा बाबा दोन महिन्यांत परत गेले. इथे चालत कुठे जाता येत नाही, बोलायला माणूस नाही, चार दिवस बघून झालं की टीव्हीही तोच तो. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, शर्टाच्या खिशात पेन लावून ते सोफ्यावर बसायचे आणि दुपारपर्यंत तसेच बसून असायचे. ते बघून माझा जीव तुटायचा आणि मग मी उगाच त्यांच्यावर खेकसायची. या वेळी त्यांना सहा महिने धरून ठेवायचंच असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं.

बाबांनी उभं आयुष्य बसगाड्यांची बॉडी बांधण्यात घातलेलं. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मागच्या अंगणात गेले आणि ट्रेलरभोवती फिरत बोटाच्या पेराने पत्रा ठोकत राहिले. अर्ध्या तासाने आत येऊन नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, पत्रा झकास आहे. सांगाडा लाकडाचा आहे, तो सडला. पण हे उभं राहते."

आणि बाबा पुन्हा मिस्त्री झाले. सकाळी सातला चहा घेऊन अंगणात. छताच्या सांध्यांतून पाणी कुठून मुरलं ते त्यांनी शोधलं. पत्रा धरून ठेवणारे खालच्या ओळीतले रिव्हेट एकेक करून काढले, पत्रा उचलला, सडलेल्या पट्ट्या काढून त्याच मापाच्या नव्या बसवल्या. चाकांची बेअरिंगं काढून रॉकेलसारख्या कशात तरी धुतली, ग्रीस भरलं. शनिवार-रविवार नवरा हाताखाली असायचा आणि वाट्टेल तेवढी बोलणी हसत खायचा. आई म्हणायची, जावयानं माझ्यासाठी सवत आणून ठेवली. पण तीही खूश होती. बाबा रात्री दोन पोळ्या जास्त खायला लागले होते.

जुलैच्या मध्यावर एका शनिवारी आई देवळात गेली होती आणि मी वरच्या मजल्यावर होते. गॅसवर वरण ठेवलं होतं. मी खाली उतरले तर जिन्यातच जळका वास घशात गेला. वरणाचा कोळसा झालेला, पातेलं लाल व्हायचं बाकी. आणि त्यापासून पाच-सहा पावलांवर बाबा टेबलाशी बसून शांतपणे कागदावर मापं काढत होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी चमकून वर बघितलं. म्हणाले, कामात होतो, लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या कोणी ते सोडून दिलं असतं. मी टेस्टर. दुपारी मी रंगात मिसळायच्या थिनरची बाटली उघडली आणि ते बसले होते तिथे शेजारीच ठेवली. ते काहीच बोलले नाहीत. मग बाटली घट्ट बंद करून कपाटात ठेवली, खिडक्या उघडल्या, बऱ्याच वेळाने येऊन विचारलं, बाबा, थिनरचा वास येतोय का हो? येतोय खरा, म्हणाले. तेव्हा तिथे कसलाच वास नव्हता.

स्वतःच्या बापाला असा सापळा लावला याची मला आजही लाज वाटते. पण मला कळलं ते कळलं. बाबांना वास येत नव्हता. आणि ते लपवत होते.

मी कोणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर तिने त्यांना काडेपेटीलासुद्धा हात लावू दिला नसता. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने गोड बोलून दुसरा माणूस बोलावला असता. दोन्हींचा अर्थ एकच होता. ट्रेलर हातातून गेला की बाबा पुन्हा सोफ्यावर, आणि सोफ्यावरून थेट विमानात. आणि ट्रेलरमधलं गॅसचं काम अजून व्हायचं होतं. जुनी तांब्याची नळी, जुने सांधे, सगळं बदलायचं होतं. ज्याला वास येत नाही असा माणूस गॅसची नळी जोडणार आणि त्यात पुढे माझी सहा वर्षांची मुलगी झोपणार. 

शेवटी मी माझ्यापुरता तोडगा काढला. बाबा काम करतील, आणि त्यांच्या मागून जाऊन मी वास घेईन. सप्टेंबरच्या अखेरीपासून माझा तोच नेम झाला. ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर तशीच घेऊन आधी ट्रेलरमध्ये. गुडघ्यावर बसून, बाकाखाली डोकं घालून हुंगायचं. बाबांनी विचारलं तर काम बघायला आले म्हणायचं. ते बाजूला सरकून जागा करून द्यायचे आणि मुकाट्याने उभे राहायचे. एकदा नवरा म्हणाला, गॅसचं तेवढं इथल्या माणसाकडून करून घेऊ या का? बाबांचा चेहरा पडला. मी नवऱ्यावर अशी काही तुटून पडले की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे बाहेर त्यांची बाजू घ्यायची आणि आत त्यांच्यावर तिळमात्र विश्वास नाही. असा महिना काढला मी. झोप उडाली होती. ऑफिसात बसून मी सांधे मोजायची, आज कोणता केला असेल, उद्या कोणता करतील.

त्यात आमच्या वस्तीच्या असोसिएशनचं पत्र आलं. ट्रेलर रस्त्यावरून दिसतो, ऑक्टोबर संपायच्या आत हलवा. मग ठरलं की दसऱ्यानंतरच्या शनिवारी तळ्याकाठी पहिला मुक्काम करायचा आणि तिथून ट्रेलर भाड्याच्या जागेत ठेवायचा. खंडेनवमीची पूजा मात्र घरीच करायची. ती आठवड्याच्या मधल्या वारी येत होती, म्हणून इकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही सोयीने शनिवारी नवमी आणि रविवारी दसरा धरला. आई कुरकुरली. बाबा म्हणाले, तिथी हलवा बाप्पा, पण नियम नका हलवू. हत्यारं पूजेत मांडली की दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्यांना हात लागणार नाही. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी साहेबांची गाडी बंद पडली तरी कोणी पाना उचलत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शेगडीला नळी जोडली. शेवटचा नट हाताने बसवला आणि अंधार पडला म्हणून थांबले. जेवताना सगळ्यांना सांगितलं, एक जोड आवळायचा राहिला आहे, पण हत्यारं आता पूजेला काढली, तो रविवारी पूजा उठल्यावर. तोवर सिलिंडर उघडायचा नाही. मी ऐकलं. नवरा फोनवर होता, आई गॅसपाशी पोळ्यांत गुंतलेली.

शनिवारी दुपारी ट्रेलरच्या दाराशी घडीचं टेबल मांडलं. त्यावर पाने, पक्कड, हातोडी, रिव्हेटचं यंत्र, सगळं पुसून ओळीने ठेवलेलं, हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहिलेली. ओळखीची दोन कुटुंबं जेवायला आली होती. आईने सकाळपासून ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर लावलं होतं. मसाल्याचा डबा, चहा-साखर, हिंगाची डबी. टेक्सासच्या ऑक्टोबरातल्या उन्हाने पत्रा तापला होता आणि आत हिंग घमघमत होता. आईच्या मनात एकच होतं. नव्या घरात दूध उतू घालतात, तसं या शेगडीवर घालायचं. पाहुणे आलेत, दिवस चांगला आहे, उद्या कशाला?

नवऱ्याने तिचा शब्द झेलला. शेगडी जोडलेली त्याने शुक्रवारी डोळ्यांनी बघितली होती. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला जाऊन त्याने सिलिंडरची चावी फिरवली. मी आत दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवत होते. मागच्या बाकावर मुलगी रंगवत बसली होती. सिलिंडर उघडला असं त्याने बाहेरून ओरडून सांगितलं, तेव्हा मला बाबांचं बोलणं आठवलं. आठवलं, हे मी कबूल करते. पण मी वाकून नळीजवळ नाक नेलं, हिंगाचा वास आला, आणि मी ठरवलं की ठीक आहे. महिनाभर या नाकावरच तर सगळं चाललं होतं. आई ताटात निरांजन घेऊन पायरीशी आली. आधी शेगडीला ओवाळायचं, मग काडी.

बाबा पाहुण्यांना पाणी देत होते. ते तांब्या ठेवून आले आणि दारात आडवे उभे राहिले.

सिलिंडर कोणी उघडला, त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. नवऱ्याने मी उघडला म्हणून सांगितलं. मी आतून म्हटलं, मी बघितलंय, काही नाही, आईला येऊ द्या. ते म्हणाले, तू बाहेर ये, पोरीला घेऊन ये. मी म्हटलं, बाबा, पाहुणे थांबलेत. ते म्हणाले, बाहेर ये.

तेव्हा माझं डोकं फिरलं. महिनाभराची भीती, महिनाभराची चोरटी तपासणी, उन्हातला तो पत्रा, हातात ताट घेऊन ताटकळलेली आई, सगळं एकदम तोंडाशी आलं. पाहुण्यांसमोर, नवऱ्यासमोर, आईसमोर मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला वास येत नाही. जुलैपासून मला माहीत आहे. स्वतःला कळत नाही म्हणून घाबरताय तुम्ही. मला येतो ना. हिंग आहे तो."

 बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. मग ते आत आले, माझ्या मुलीला उचललं आणि दारातून नवऱ्याच्या हातात दिलं. सिलिंडर बंद कर म्हणून सांगितलं. आईकडे वळले.

"ते निरांजन फुंक."

आईने आयुष्यात कधी दिवा फुंकला नव्हता. देवाचा दिवा शांत करायचा, फुंकायचा नाही, हे तिने मलाही मारूनमुटकून शिकवलं होतं. ती तशीच उभी राहिली, ज्योत हलत होती आणि दारापासून ती दोन हातांवर होती.  बाबा तिच्याकडे नुसते बघत राहिले. आईने मान खाली घातली आणि फुंकर मारली.

त्यांनी खिडक्या उघडल्या, छताचं झाकण उघडलं आणि घरात गेले. आम्ही सगळे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे होतो. मला अजूनही वाटत होतं की हे उगाच चाललंय. बाबा बराच वेळ आलेच नाहीत. आत वारा खेळून जायला हवा होता, हे मला नंतर समजलं. आले ते दाढीचा ब्रश आणि फेसाची वाटी घेऊन. मला हाताने खूण करून जवळ बोलावलं. नवऱ्याला म्हणाले, अर्धा फेरा उघड. आणि शेगडीमागच्या त्या शेवटच्या नटाभोवती ब्रश फिरवला.

फेसातून बुडबुडा आला. आधी बोराएवढा, मग लिंबाएवढा. फुटला, आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागला.

 मी पुन्हा वास घेतला. खरं सांगते, तेव्हाही मला हिंगच वाटला. गॅसमध्ये जो वास मुद्दाम घालतात तो थेट हिंगाच्या वळणाचा असतो, हे मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की बाबा दारात आडवे उभे राहिले नसते, तर आई निरांजन घेऊन आत आली असती, आणि मागे मुलगी रंगवत बसलेली होती.

सिलिंडर बंद झाल्यावर बाबा ब्रश झटकत म्हणाले, "वास जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी नाकावर काम करत नाही. प्रत्येक जोडाला फेस लावतो. हा लावायचा राहिला होता, म्हणून नाही म्हटलं."

हे मला म्हणाले, पण आईने ऐकलं. चार वर्षं? तिने विचारलं.  मग मी रोज फोडणीचा वास कसा आलाय विचारते तेव्हा काय सांगत होता? बाबा ब्रश पुसत राहिले. ती ताट घेऊन घरात निघून गेली. पाहुण्यांनी श्रीखंड-पुरी खाली मान घालून खाल्ली आणि कामं आहेत म्हणत लवकर उठले.

रविवारी सकाळी मी पूजा उठवली. हत्यारांवरची फुलं काढली, कुंकू पुसलं, पाने पेटीत भरून पेटी ट्रेलरच्या पायरीवर ठेवली. बाबा झाडाखाली खुर्चीवर बसले होते, भांग पाडून, खिशाला पेन लावून. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि माफी मागितली. मला बोलायलाही धड येईना, नुसतं रडूच येत होतं.

ते म्हणाले, "तू रोज माझ्या मागून येऊन वास घेत होती, ते मला माहीत होतं. मला वाटे, आपण दोघं मिळून करून राहिलो."

मग चला ना, मी म्हटलं, मिळूनच करू, एकच नट राहिलाय. त्यांनी मान हलवली. मी हात धरला, ओढला, मुलीसारखी हट्टाला पेटले. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. म्हणाले, तू कर, तुला येते, नट आवळून घे आणि फेस लाव. मी चिडले, पुन्हा रडले. ते उठले नाहीत. ट्रेलरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

शेवटी मीच पाना घेऊन आत गेले. नट आवळला, सिलिंडर उघडून फेस लावला. बुडबुडा आला नाही. सिलिंडर बंद केला, फेस पुसला, पुन्हा उघडून पुन्हा लावला. चार वेळा. मग बाहेर येऊन सांगितलं, झालं.

आई दुधाचं पातेलं घेऊन आली. बाबांच्या खुर्चीशेजारूनच तिला यावं लागलं, पण ती थांबली नाही. पायरी चढून आत आली, पातेलं शेगडीवर ठेवलं, काडेपेटी हातात घेतली. मग काडी ओढायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "तू बघितलंस ना नीट?"

बाबा चार पावलांवर बसले होते. मी हो म्हणाले.